सात नंबरच्या पेटीवरचा सैतान

त्या जुलैत मधमाश्यांच्या सात नंबरच्या पेटीनं माझा जो छळ मांडला, तसा एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिल्कानंही मांडला नव्हता. तिल्का म्हणजे माझी बायको. ती हे वाचणार आहे, म्हणून असं लिहिलंय.

आमच्या खोऱ्यातली माशी म्हणजे गरीब गाय. राखाडी, केसाळ, सभ्य. माझा बाप पेटी उघडी टाकून तिथंच पाईप तोंडात धरून डुलकी काढायचा, आणि जेवायची वेळ झाली की माश्या त्याच्या मिशीला गुदगुल्या करून त्याला उठवायच्या. आणि माझ्या सात नंबरच्या बाया? पेटीचं मागचं दार किलकिलं करायचा अवकाश, की निघाली पलटण! एकदा पोस्टमनच्या मागं लागल्या. तो पळत जाऊन बसमध्ये चढला, तर त्याही चढल्या. पुढच्या थांब्यावर ड्रायव्हर उतरला, पोस्टमन उतरला, त्या काही उतरल्या नाहीत. खोटं वाटत असेल तर पोस्टमनला विचारा. तो आता दुसऱ्या खोऱ्यात टपाल वाटतो.

हसण्यावारी नेलं असतं हो. पण आमच्या माशीपाळ संघाच्या तपासनीस, ब्रिगिताबाई, नेमक्या तेव्हाच आल्या. पाच मिनिटं पेटी उघडी ठेवायची आणि डंख मोजायचे, ही त्यांची परीक्षा. अकरा झाले. त्यातले चार बाईंना.

"फेर्दो काका," हातमोज्यातून काटे उपटत त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय, पण या राणीचे नर खोऱ्यात फिरले तर सगळ्यांच्या पेट्या अशाच होतील. पुढच्या गुरुवारी परत येते. तेव्हाही हेच झालं, तर राणी काढावी लागेल."

काढावी लागेल म्हणजे काय, ते बाईंच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं हवेतच दाखवलं.

ही राणी अशीतशी नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी चर्चच्या घंटेला एक मोहोळ लटकलं होतं. घंटा वाजवणाऱ्याला माळ्यावर कोंडून ते मी टोपीत उतरवलं. त्या मोहोळाच्या राणीची लेक, तिची लेक, तिची लेक असं करत हा वंश मी सांभाळला. मुलंबाळं आम्हाला नाहीत. हे एवढंच काय ते घराणं. आणि ते दोन बोटांत चिरडायचं!

शेजारचा गाब्रियेल सल्ला द्यायला कुंपणापाशीच उभा होता. त्याच्याकडे तीन पेट्या आहेत आणि तीनशे पेट्यांचं ज्ञान.

"धूर गरम लागतोय तुझा," तो म्हणाला. "गार धूर पाहिजे. पांढरा."

"पन्नास वर्षं धूर करतोय मी, गाब्रियेल."

"मग पन्नास वर्षं गरमच करत असशील."

माश्या शांत करायला धूर सोडतो त्या भात्यात मी विलोचं कुजकं लाकूड भरलं, झाडावरची वाळकी अळंबी भरली. धूर असा गार आला की माझ्याच पायाला मुंग्या आल्या. दाराआडून तीनदा फुंकर, मग शंभरपर्यंत आकडे, मग दार. पोळ्यांच्या चौकटी कपाटातल्या पुस्तकांसारख्या, एकेक, न आपटता, न घासता ओढल्या. तिसरी चौकट निम्मी बाहेर आली आणि कानामागं पहिला डंख. डंख बसला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्यांना तेच आमंत्रण. त्या जागेवर लगेच धूर मारला. तोवर पाहुण्या निघाल्या होत्या.

"श्वास रोखून धर!" दुसऱ्या दिवशी गाब्रियेल. "माणसाचा श्वास त्यांना खपत नाही. तुझा तर मलाही खपत नाही."

श्वास रोखला. डोळ्यांपुढं काजवे आले, आणि त्या काजव्यांनाही माश्या चावल्या. तिसऱ्या दिवशी काळा लोकरी स्वेटर काढून तिल्काचा पांढरा झगा घातला. चौथ्या दिवशी पुदिना चोळला. पाचव्या दिवशी मी चिडून भाता आपटला आणि पेटीला चार शिव्या हासडल्या. त्यांनी उत्तर म्हणून मला माश्यांच्या घरातून, म्हणजे पेट्या रचलेल्या लाकडी खोपटातून, हाकललं, आणि बाहेरून दार राखत बसल्या.

आता एक बारीकशी गोष्ट मधेच सांगतो. तेव्हा ती बारीकच वाटली होती.

पेट्यांच्या तोंडावर आम्ही चित्रांच्या फळ्या लावतो. परतताना माशीला आपलं घर ओळखू यावं, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला करमणूक. गेल्या हिवाळ्यात मी सात नंबरसाठी नवी फळी रंगवली. निळंशार आभाळ, एक सैतान सहाणेचं चाक फिरवतोय आणि दुसरा एका बाईची जीभ त्यावर धार लावायला धरतोय. जुनंच चित्र आहे, आमच्याकडं घरोघर असतं. पण तिल्का म्हणाली, ही बाई मी आहे. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग तिच्या अंगात माझा हिरवा स्वेटर कसा?

बोलणं तिथंच संपलं. आमच्या घरात भांडण तोंडानं होत नाही, हातानं होतं. ब्रिगिताबाई येणार हे कळल्याच्या दिवसापासून, मी दुपारचा झोपलो की तिल्का ती फळी काढून खाली कोपऱ्यातल्या बारा नंबरला, खाजकुइलीआड लावायची, आणि बाराची लालभडक फळी, आग विझवणारा संत, सातला. सकाळी नाश्त्याआधी मी निमूट पुन्हा जागच्या जागी. दोघांनी चकार शब्द काढला नाही. कोण आधी दमतं तेवढंच बघायचं होतं.

तर पाचव्या दिवशी, हाकलला गेलेला मी, सुजल्या डोळ्यानं पुढच्या बाजूला आलो. आमच्या पेट्या मागून उघडतात. माणूस आतल्या अंधारात उभा, माश्यांचं दार पलीकडे उन्हात. दुपारी पुढं काय चालतं ते मी उन्हाळाभर बघितलंच नव्हतं. तिथं बाकावर तिल्का शेंगा सोलत बसली होती, डोक्यावर जाळी नाही की काही नाही.

"आज किती?" तिनं विचारलं.

"नऊ. आणि तू हसू नकोस."

"मी कुठं हसतेय? त्यांची मारामारी बघतेय. रोज जेवणानंतर सुरू होते."

बघितलं, तर बारा नंबरच्या निळ्या फळीपुढं माश्यांचा ढग. सकाळी निळ्या घरातून बाहेर पडलेल्या सातच्या बाया दुपारी परतून निळ्याच घरात शिरत होत्या, आणि तिथल्या राखणदारणी त्यांना झिंज्या धरून बाहेर फेकत होत्या. बाराच्या बाया लाल फळी बघून सातमध्ये घुसत होत्या. लिंडनच्या झाडांचा बहर संपलेला, रानात मध नाही, अशात परकी बाई दारात म्हणजे चोरच! आणि नेमकं त्याच वेळी, झोप काढून ताजातवाना झालेला मी मागून दार उघडत होतो.

"तिल्का! हे तुला दिसत होतं?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं? तू गाब्रियेलला विचारत होतास."

मी डोकं धरून बाकावर बसलो. डोकंही ठणकत होतं.

"फळी सातलाच राहिली पाहिजे," मी म्हटलं. "त्यांना तिचीच सवय आहे. नाहीतर गुरुवारी राणी जाते."

तिल्का बराच वेळ शेंगा सोलत राहिली. राणीच्या पणजीला साखरपाणी तिनंही पाजलंय.

"राहू दे सातला," ती म्हणाली. "रस्त्यासमोर, मधोमध. पण तोंड बदल. माशीला निळा रंग कळतो, तोंड नाही."

"कोणाचं काढू?"

तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

मी संध्याकाळी रंग काढले. हिरव्या स्वेटरवर टक्कल आलं, मिशी आली, सुजलेला डावा डोळाही आला, कारण समोर आरसा तसाच होता. फळी सातला ठोकली, आणि चार दिवस मी पेटीजवळ फिरकलो नाही.

गुरुवारी ब्रिगिताबाई दुपारी, मुद्दाम वाईट वेळेला आल्या. मी दार उघडलं. एक मिनिट. दोन. चौकटीवर माश्या रविवारच्या प्रार्थनेला बसल्यासारख्या. चार मिनिटं. राणी सावकाश आमच्यासमोरून चालत गेली, लांब, तांबूस, कोणाकडं न बघता. कुंपणापाशी गाब्रियेल म्हणाला, "शेवटी गार धूर केलास म्हणायचा!"

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? मी "अरे शहाण्या" म्हणायला तोंड उघडलं, आणि एक माशी आत जाऊन थेट जिभेच्या शेंड्यावर बसली.

ब्रिगिताबाईंनी घड्याळ बघितलं, मग पुढं जाऊन फळी बघितली, मग माझी जीभ. कागदावर लिहिलं: डंख एक, मालकाला, कारण समजण्याजोगं. राणी राहिली.

जीभ एवढी सुजली की मला आठवडाभर बोलता आलं नाही. तिल्का म्हणते, लग्नानंतरचा सगळ्यात छान आठवडा. गावात फळी बघायला लोक येतात, आणि तिल्का त्यांना चित्रातलं तोंड बोट दाखवून समजावते. मी मागच्या अंधारात उभा राहून ऐकतो. बोलत नाही. सातच्या बाया जवळच असतात.