फ्रीजरमधला म्हसोबा

आमच्या मालकांना थंडी कधी मानवली न्हाई. आन् नोकरी कुठं मिळाली, तर मटार गोठवायच्या कंपनीत! चाकणला आमचं वावर होतं तिथंच ती कंपनी उभी राहिली, आन् ज्यांची जमीन गेली त्यांना कामावर घेतलं, म्हनून हे बी लागले. जाडजूड जर्किन घालायचं, फ्रीजरच्या खोलीत शिरायचं आन् मटाराची खोकी उंच उंच रॅकवर चढवायची. संध्याकाळी घरी आले की गल्लीतनंच वरडायचे, "दुर्गे, बंब पेटलाय का?" अंगावर ऊन पानी पडल्याबिगर ह्यांच्या तोंडातनं धड शब्द फुटायचा न्हाई. मी लई कावायचे. म्हनायचे, "अवो, सोडा की ती नोकरी! मानूस हाय का कुल्फी?" नुसते हसायचे.

मागच्या पावसाळ्यानंतर त्या खोलीतली जमीन फुगायला लागली. आधी कोब्याला चीर गेली, मंग कोबा वर यायला लागला, आन् दिवाळीपतूर त्याचा एक तुकडा वीतभर उभाच राहिला. आता जागा कुठली म्हनाल, तर नेमकी आमच्या म्हसोबाची! वावराच्या त्या कोपऱ्यात हिरीचं पानी झिरपायचं, भर उन्हाळ्यात पाय रुतायचा, आन् तिथंच म्हसोबाचा शेंदरी दगड होता. कंपनी बांधताना तो दगड उचलून गेटापाशी ठेवला. ह्यांनीच उचलला, रडत रडत.

तवा कोबा वर आलेला बघून ह्यांना काय वाटलं असंल! त्या संध्याकाळी बंबाचं नाव घेतलं न्हाई. तसेच कुडकुडत दारात उभे राहिले आन् म्हनले, "दुर्गे, देव जागा सोडून गेलाच नव्हता गं. वर येतोय."

झालं! दुसऱ्या दिवशी त्या तुकड्याला शेंदूर लागला. ह्यांच्या जोडीचा रंगराव नारळ घेऊन गेला, सुपरवायझरनं उदबत्ती लावली. खोटं कशाला बोलू, मी बी घरातनं हात जोडले.

मंग निगडीवरनं नीलिमा मॅडम आल्या, इंजिनेर. त्यांनी सगळं बघितलं आन् सांगितलं, ही खोली रिकामी करा, कोबा फोडा, खालची माती कोरडी करा, न्हाईतर रॅक पडंल. कंपनीचा मालक म्हनला, मटाराचा हंगाम होऊ द्या. आन् कामगार म्हनले, देवावर पहार चालवू देनार न्हाई. सगळ्यांच्या म्होरं कोन? आमचे बबनराव! मालकाला काय, आयतंच फावलं. लोकांच्या भावना हायत म्हनून मोकळा झाला.

मॅडम आमच्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या, च्या घेतला. म्हनल्या, "मावशी, तुम्ही फ्रीजमध्ये पाण्याची बाटली काठोकाठ भरून ठेवलीय कधी?"

म्हनलं, "बर्फाच्या खान्यात ठेवली व्हती की. काचेची. फुटली मेली."

"तसंच झालंय हे. त्या खोलीतला गारठा खाली मातीत उतरू नये म्हणून कोब्याखाली गरम तारा असतात. त्या जळल्या, कुणी बघितल्या नाहीत. खालची ओली माती गोठली. गोठली की फुगते, आणि वरचं सगळं उचलते. रॅक आताच कललाय. बबनकाका तुमचं ऐकतील, मावशी. त्यांना सांगा."

त्या संध्याकाळी आंघोळ झाल्यावर मी ह्यांच्या म्होरं बसले. बाटलीचं सांगितलं, मातीचं सांगितलं. ऐकंनात. मंग भांडले, मंग रडले. म्हनलं, "देव आसंल तर त्याला तुमचा जीव घेऊन काय करायचंय? बाजूला व्हा तिथनं. मला तुमी पायजे, म्हसोबा नको!"

मंग म्हनले, "बरं. कौल लावतो. देवानं सोडलं तर कोबा बी फोडू देतो आन् नोकरी बी सोडतो. मंग तर झालं?"

काय सांगू, मला आभाळ ठेंगनं झालं. आमच्याकडं लगीन असो, बोर असो, कौलाबिगर काई व्हत न्हाई. ओली फुलं देवाला दोन अंगांना चिकटवायची. उजवं पडलं तर देव व्हय म्हनला, डावं पडलं तर न्हाई. मीच दारातली शेवंतीची दोन बारकी फुलं खुडली, पान्यात बुडवली आन् पानात गुंडाळून डब्यासंगट दिली. दिसभर कामात लक्ष न्हाई. पीठ मळताना, धुनं धुताना एकच, उजवं पडू दे रं बाबा, उजवं पडू दे.

संध्याकाळी आले ते तोंड उतरवून. म्हनलं, "डावं पडलं व्हय?"

"न्हाई."

"मंग उजवं?"

"न्हाई गं. कुठलंच पडलं न्हाई. सगळे हात जोडून उभे राहिलो, पर देव बोलतच न्हाई."

"मंग आता?"

"मंग काय, बोलंपतूर थांबायचं. त्याच्या पुढ्यात कौल लावून उठून कसं यायचं?"

मी डोक्याला हात लावला. पर बघा, एवढी जानती मानसं आमी, कुनाच्या टकुऱ्यात शिरलं न्हाई की असल्या गारठ्यात ओलं फूल चिकटलं ते चिकटलं. माझ्या बी न्हाई. बाटली फुटलेली मला ठाव, फुलाचं सुचलं न्हाई. मॅडमला इचारलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं असतं. देवाचं म्हनून कुनी इचारलंच न्हाई.

त्यानंतर हे रोज कामावर गेले की आधी फुलं बघायचे. वाकून, हात जोडून. रोज घरी येऊन मान हलवायचे. आन् पौषात एका सकाळी असेच वाकले असताना रॅक अंगावर आला. रंगराव तिथंच व्हता. तो पळत घरी आला आन् दारात मटकन बसला. मला कळलं.

ह्यांना घरी आनलं. हात लावला तर अंग गारठून गेलेलं. पर रोजच तसं असायचं की! मी उठले आन् बंब पेटवला. बायका म्हनल्या, "दुर्गाबाई, शेवटचं पानी बाहेर चुलीवर तापवत्यात, रीत हाय." म्हनलं, "रीत घाला चुलीत! ह्यांना बंबाचंच पानी लागतं." त्याच पान्यानं ह्यांना आंघोळ घातली.

मंग कंपनीला जाग आली. खोली रिकामी झाली, गारठा उतरायच्या आधीच कोबा फोडायला घेतला. मॅडमनी मला निरोप धाडला, मी गेले. सगळे कामगार देव बघायला उभे. निघालं काय? माती. आमच्याच वावरातली काळी माती, दगडासारखी टनक झालेली, आतनं बर्फाचे थर. पहारीनं फुटंना. शेंदूर लावलेला कोब्याचा तुकडा तेवढा रंगरावनं दोघांच्या मदतीनं बाहेर आनला आन् गेटापाशी, आमच्या जुन्या म्हसोबाशेजारी उभा केला. त्याच्यावर दोन्ही फुलं तशीच. मी खुडली तेवढी ताजी.

सकाळचं ऊन व्हतं. तुकड्यावरनं पानी ठिबकायला लागलं. सगळे बघत राहिले. आन् उजवं फूल सरकलं, जरासं थांबलं, खाली पडलं.

"वयनी!" रंगराव वरडला. "उजवं! देवानं सोडलं!"

मी म्हनलं, "रंगराव, ऊन त्या अंगाला हाय, म्हनून पडलं." मला कळत व्हतं हो. पर तिथंच धुळीत बसले, ते फूल उचललं, पदरात घेतलं आन् एवढे दिस न आलेलं रडू आलं. मॅडम खांद्याला धरून उठवायला लागल्या. मी उठले न्हाई. त्या रिकाम्या खोलीच्या दाराकडं बघून म्हनलं, "अवो, उजवं पडलं. चला की आता घरी."