बनाबाईचा फोटो

हिर्डोशीची ठकुबाई भोरच्या आनंदराव मास्तरांना दुसरेपणावर दिली, ती संस्थान विलीन झालं त्याच्या पाचव्या वर्षी. पहिली बनाबाई तापानं गेलेली. अशा घरात नव्या बायकोनं गळ्यात सवतीचा चांदीचा टाक घालायचा, जेवणाआधी त्याला घास दाखवायचा, ही आपली रीत. पण मास्तर पडले इंग्रजी शिकवणारे. टाक म्हणजे अडाणीपणा, त्यांना भिंतीवर फोटो हवा होता. आणि बनाबाईचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता! शिकलेल्या माणसाची अक्कल अशी नेमकी नको तिथं पाझरते.

वर्ष झालं तरी ठकूला या घरात बरं-वाईट काही वाटत नव्हतं. सांगितलं की करायचं. मास्तरांनी एकदा तरी आपल्याकडं ठकू म्हणून बघावं, एवढंच मनात होतं.

एका संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. मास्तर उद्याचा पाठ काढून बसले होते.

"सप्लांट," ते म्हणाले. "दुसऱ्याला हुसकून त्याची जागा घेणं. मूळ लॅटिन. त्यात पायाचा तळवा आहे, म्हणजे तळव्याखाली पाय घालून माणूस पाडायचा."

"म्या न्हाई कुणाला पाडलं."

"तुला कोण म्हणतंय? तुझ्यासाठी दुसरं क्रियापद आहे, रिप्लेस. आधी त्याचा अर्थ होता, हललेली वस्तू परत तिच्या जागी ठेवणं. एकीच्या जागी दुसरी, हा अर्थ मागाहून आला."

"मंग पयल्या अर्थातली वस्तू तीच आसती?"

"तीच."

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि तिच्याकडं टक लावून बघितलं. ठकूचे हात सुपातच थांबले.

"तुझा बांधा अगदी तिच्यासारखा आहे," ते म्हणाले. "उद्या पुण्याचा फोटोवाला येतोय. तिचं हिरवं लुगडं नेस. तिची नथ घाल."

"आन् खाली नाव कुणाचं?"

"तिचंच."

दुसरी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ठकू लुगडं नेसली, खुर्चीत बसली, हलू नका म्हटल्यावर हलली नाही.

भाद्रपदात अविधवा नवमी आली, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. ठकूनं पहाटेपासून पुरण घातलं. शेजारच्या पारूबाईला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. पाटावर फोटो, त्याला झेंडूचा हार. पारूबाईनं फोटो बघितला, ठकूकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"आवो मास्तर, जित्या बाईला हार?"

मास्तरांना ऐकूच गेलं नाही. ते फोटोसमोर हात जोडून रडत होते. लग्नाला दीड वर्ष झालं, त्या चेहऱ्याकडं बघून ते असे कधी विरघळले नव्हते.

"कुंकू लाव," ते ठकूला म्हणाले. "नमस्कार कर. ती थोरली आहे."

ठकूनं काचेवर आपल्या कपाळाला कुंकू लावलं, आणि वाकून स्वतःला नमस्कार केला.