लाल चिमटा

लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग ऐन रंगात आली असताना लेक मागून आली आणि "बाबा, तुझ्या वाळलेल्या चड्ड्या कुठल्या खणात ठेवू?" असं तिनं खणखणीत आवाजात विचारलं. चौदा जणांनी ते ऐकलं. त्याच दिवशी त्या घरात चिमट्याचा कायदा आला.

कायदा साधा होता. कपडे वाळत घालायचा लाल चिमटा आतल्या खोलीच्या दाराच्या मुठीला लावलेला असेल, तर बाबा ऑफिसात आहे, घरात नाही. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. लेक नऊ वर्षांची, लाडाचं नाव ठकी. शाळेच्या हजेरीतलं नाव वेगळं, पण त्याच्याशी आपल्याला काही करायचं नाही. कायद्याला अपवाद तिनंच ठरवले आणि स्केचपेननं कागदावर लिहून दारावर चिकटवले. १. आग लागली तर. २. रक्त आलं तर. ३. कुणी पडलं तर. बापानं खाली सही केली. बापाला तेव्हा हे सगळं फार गोड वाटलं होतं.

बापाचा धंदा लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढायचा. ओटा किती उंच, सिंक कुठे, कुठला खण उघडला की फ्रिजच्या दाराला आपटेल, हे तो कागद बघून सांगायचा. महासाथ आली तेव्हा पहिले पंधरा दिवस मीटिंगांचा नुसता धुमाकूळ होता. मग ओसरला. दुधाची पिशवीसुद्धा साबणानं धुऊन घेणारे लोक घरात सुतारांना कशाला शिरू देतील? दिवसाला पाच मीटिंगा होत्या, त्या आठवड्याला दोनवर आल्या. चिमटा मात्र मुठीला होता तसाच राहिला. सकाळी दहा ते दोन, रोज.

कारण दाराआड एक घर उभं राहत होतं. घरपोच सामान येतं त्या खोक्यांचा पुठ्ठा, एक धारदार कटर, स्टीलची पट्टी आणि डिंक, एवढ्यावर. तो आणि त्याचा थोरला भाऊ ज्या दोन खोल्यांच्या कंपनीच्या क्वार्टरात वाढले ते घर, एका फुटाला दीड सेंटिमीटर या मापानं. खाटेखालची ट्रंकसुद्धा त्यानं केली होती, कडीसकट. चाळिशी उलटलेला माणूस भर कामाच्या वेळी पुठ्ठ्याची ट्रंक करत बसतो, हे सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

बायकोला तर नाहीच नाही. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. नऊ ते सात उभी, तोंडावर मास्क, मास्कवर काच. घरी आली की कुणाला न शिवता सरळ न्हाणीघरात, कपडे बादलीत. केस पुसत बाहेर आली की विचारायची, "कसा गेला दिवस?" पहिल्यांदा तो म्हणाला, "डोकं उठलं नुसतं. मीटिंगवर मीटिंग." खोटं एकदा घरात आणलं की त्याला रोज खायला घालावं लागतं. तो रोज घालत होता.

खरं तर ही खोड लहानपणची. शाळेच्या दिवसांत तो कपाटाच्या मागे बसून चपलांच्या खोक्यांतून घरं कापायचा. वडील कडक. बाहेरून ओरडायचे, "धाकटा काय करतोय?" नऊ वर्षांनी मोठा असलेला दादा पेपरातून मान वर न करता म्हणायचा, "अभ्यास करतोय. असू दे." दादा त्याला मिस्त्री म्हणायचा. दुसऱ्या गावी एसटी डेपोत नोकरी लागली, लग्न झालं, केस गेले, तरी फोन उचलल्यावर दादाचं पहिलं वाक्य तेच, "काय मिस्त्री, काय बांधताय?"

मग तो मंगळवार आला. दादाला साथीनं गाठलं होतं, दवाखान्यात दाखल करून तीन दिवस झाले होते. वहिनी म्हणाली होती, ऑक्सिजनची नळी आहे, बाकी ठणठणीत, नर्सबाईंना जोक सांगतायत. भेटायला कुणालाच सोडत नव्हते. बापाचा मोबाइल सकाळभर ठकीकडे असायचा, कारण तिची शाळा त्याच्यावर भरायची. तो स्वतः लॅपटॉपवर, म्हणजे लॅपटॉपशेजारी.

सव्वाअकराला तो एका दारापाशी अडला होता. क्वार्टरातल्या आतल्या खोलीचं दार. त्या दारात दादाचं बोट चेंगरलं होतं, पुढे नखच निघालं, हे त्याला लख्ख आठवत होतं. पण दार आत उघडायचं की बाहेर, ते काही केल्या आठवेना. बोटांत पुठ्ठ्याचं दार धरून तो अर्धा तास बसून राहिला. मग नाद सोडला आणि खिडकीचे गज कापायला घेतले.

दोन वाजता चिमटा काढून जेवायला बाहेर आला, तेव्हा ठकी वाटीतली उसळ चिवडत म्हणाली, "काकांचा फोन आला होता. म्हणाले, काही घाई नाही."

"कधी?"

"भूगोलाच्या तासाला."

त्यानं ताबडतोब फोन लावला. बंद. वहिनीला लावला, ती म्हणाली तपासणीला नेलं असेल. संध्याकाळी पुन्हा लावला, तरी बंदच. सकाळी वहिनीचा फोन आला. रात्रीतून श्वास खालावला, मशिनवर ठेवलंय, आता बोलता येत नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी दादा गेला. जायला परवानगी नव्हती, आणि मिळती तरी बघायला मिळालं नसतंच.

पण खरी चूक त्याच्या आधीच झाली होती. वहिनीचा तो सकाळचा फोन ठेवल्याबरोबर. बायको कामाला निघाली होती, चपला घालत होती. तो ठकीकडे वळला.

"काका दवाखान्यात आहेत, माहीत होतं ना तुला? मग एकदा दार वाजवता आलं नाही?"

"चिमटा होता," ठकी म्हणाली.

"चिमटा होता म्हणून काय झालं? थोडी अक्कल वापरावी माणसानं."

ठकीनं आईकडे पाहिलं. चप्पल घालता घालता बायको म्हणाली, "तिला कशाला बोलतोस? मीटिंगमध्ये होतास तू. तिनं नियम पाळला."

त्यानं मान हलवली. हो, मीटिंगमध्ये होतो, अशी. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं, दोन वाक्यांचं काम होतं. मान हलवण्याची ही गोष्ट त्याला कुणी माफ करू नये असं माझं मत आहे, आणि विचारलंत तर त्याचंही तेच आहे.

पुढे भेटायला येता येत नाही म्हणून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. आत्या, मामा, दादाचे डेपोतले मित्र. प्रत्येकाला तो सांगायचा, "शेवटी फोन केला होता त्यानं. नेमका मी मीटिंगमध्ये." पलीकडून च् च् व्हायचं. "नशीब एकेकाचं," म्हणायचे. ठकी तिथेच पाटी-पुस्तक मांडून बसलेली असायची. ती वर बघायची नाही.

मग दारावरच्या कागदावर चौथी ओळ आली, हिरव्या स्केचपेननं. ४. कुणाचाही फोन आला तर.

आणि ती दार वाजवू लागली. विमेवाल्याचा फोन, राँग नंबर, नेटवर्कवाल्यांचा आपोआप बोलणारा बाईचा आवाज, काहीही. चिमटा असो नसो, टक टक टक, आणि दाराबाहेर दोन्ही हातांत फोन धरून उभी. "बाबा, फोन. घेतोस?" शाळेच्या बाईंनी कळवलं, मुलगी वर्गातून सारखी उठून जाते. आंघोळीला जाताना ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघरात नेऊ लागली. बायको म्हणाली, "मनावर घेतलंय पोरीनं. तू समजाव तिला." तो समजवायला गेला. "ठके, तुझी काही चूक नाही," म्हणाला. ठकी "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा न्हाणीघरात. अर्धवट औषधानं कुठला आजार बरा होतो?

आतलं पुठ्ठ्याचं घर त्यानं टॉवेलाखाली झाकून ठेवलं होतं. दादा गेल्यापासून कटर हातात घेतला नव्हता. चिमटा लावून तो नुसता बसायचा.

अशा एका दुपारी, गंमत म्हणजे मीटिंग खरोखरच चालू होती, टक टक झालं. त्यानं दार उघडलं. ठकी उभी. केस ओले, कानात साबणाचा फेस, फ्रॉक उलटा घातलेला. पिशवीतला फोन पुढे करून धापा टाकत म्हणाली, "बाबा, फोन. नवीन कार्ड हवंय का विचारतायत. मी म्हटलं, थांबा हं, ठेवू नका."

त्यानं फोन घेऊन बंद केला. वळून लॅपटॉप मिटला, चौदा जणांसकट. मग तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, तिच्या कानातला फेस सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि टॉवेल काढला.

ठकी वाकून बघू लागली. खाट, ट्रंक, खिडकीचे गज. बोटानं ट्रंकेची कडी उघडून पाहिली.

"काकांचा फोन आला ना, त्या दिवशी मीटिंग नव्हती," तो म्हणाला. "मी हे करत बसलो होतो. बरेच दिवस मीटिंगा नव्हत्याच. मी खोटं बोललो, आणि वर तुलाच ओरडलो."

ठकी कडी लावत म्हणाली, "माहितीये."

"काय माहितीये?"

"काकांनी विचारलं, मिस्त्री काय करतोय? मी म्हटलं, मीटिंग. ते म्हणाले, दाराला कान लाव बघू, बोलण्याचा आवाज येतोय की कापण्याचा? मी लावला. करकर येत होतं. तसं सांगितलं. मग ते खूप हसले. मग खूप खोकले." ती थांबली. "मी म्हटलं, दार वाजवू का? ते म्हणाले, नको, असू दे. काही घाई नाही. कुणी विचारलं तर मीटिंग आहे म्हणून सांग."

तो खाली जमिनीवरच बसला.

"मग मी ओरडलो तेव्हा का नाही सांगितलंस?"

"आई होती ना तिथे," ठकी म्हणाली.

हे तिनं इतकं साधेपणानं सांगितलं की त्याला रडताही येईना. सगळ्या नातेवाइकांसमोर, सगळे दिवस, ही एवढीशी पोर त्याची बाजू सांभाळत गप्प बसली होती. आणि तो तिला अक्कल शिकवत होता. मीटिंग मोडायला निदान आग लागावी लागते. पुठ्ठा कापणाऱ्याला उठवायला एक टकटक पुरली असती, आणि दादाशी पाच मिनिटं बोलणं झालं असतं. दाराचंही विचारता आलं असतं.

"या खोलीला दार नाही?" ठकीनं विचारलं.

"ते कुठे उघडायचं ते आठवत नाही. काकांना माहीत होतं."

ठकीनं त्या चौकोनी भोकातून बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. मग केस पुसायला निघून गेली. जाताना सवयीनं तिनं दार ओढून घेतलं.

संध्याकाळी बायको आली, न्हाणीघरात गेली, केस पुसत बाहेर आली. आज काउंटरवर दोघांची भांडणं सोडवावी लागली म्हणाली. खुर्चीत बसून पाय लांब केले आणि नेहमीसारखं विचारलं, "कसा गेला दिवस?"

तो तोंड उघडणार, तेवढ्यात ठकी वहीतून मान वर न करता म्हणाली, "बाबाच्या मीटिंगवर मीटिंग होत्या."

पेपराआडून दादा बोलायचा, तोच हा सूर. लेकीला तो आता कायमचा जडणार, हे त्याला दिसलं.

"नव्हत्या," तो म्हणाला. ठकीनं घाईघाईनं त्याच्याकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली. तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला. "दादाचा फोन आला त्या मंगळवारीही नव्हती. ठकीला सगळं माहीत होतं. माझ्यासाठी ती गप्प बसली."

बायकोचा केस पुसणारा हात थांबला. तिनं आधी त्याच्याकडे नाही, ठकीकडे पाहिलं.

"ये इकडे," ती लेकीला म्हणाली.