दादाचा उजवा पाय

माझा थोरला भाऊ तायक्वांदो शिकवतो. माझा नवरा आठवडाभर गोदामात मुकादमी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ज्युदो खेळतो. दोघांचे पांढरे कपडे मीच शिवते, त्यामुळे या विषयातलं मला जे कळतं ते शिवणीतून कळतं. ज्युदोवाल्याची कॉलर उसवते, कारण सगळे तिलाच लोंबकळतात. तायक्वांदोवाल्याची विजार उसवते, आणि कुठे ते सांगायला नको. दोन्हीकडे दुहेरी टीप मारावी लागते. यापलीकडे श्रेष्ठ कोण, हे बावीस वर्षं ऐकूनही मला ठरवता आलेलं नाही, आणि खरं सांगू, ठरवायची हौसही नाही.

आमच्या ह्यांचं मत ठाम. तायक्वांदोत पाय चांगला, बाकी आनंदीआनंद. स्पर्धेत तोंडावर बुक्की मारायला बंदी, म्हणून सगळे हात खाली सोडून नाचतात. पण गुंडाने नियम वाचले नसले तर? समोरच्याने मिठी मारली की विद्या संपली. लाथ जिन्यात मारता येत नाही, लिफ्टमध्ये येत नाही, ओल्या फरशीवर तर नावच काढू नका. "शिवाय आधी पंधरा मिनिटं अंग मोकळं करावं लागतं," हे म्हणायचे. "तोवर चोर घरी जाऊन झोपेल."

"मिठी मारायला आधी जवळ यावं लागतं, जावईबापू," दादा ताटातून मान वर न करता म्हणायचा. "तो जवळ येईल कसा?"

मग दोघेही माझ्याकडे बघायचे. मी भांडी उचलायची.

यंदा दादाचा उजवा खुबा गेला. तीस वर्षं कानाच्या उंचीवर लाथा मारल्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आमचे हे म्हणाले. ऑपरेशन होऊन नवा सांधा बसला. दुसऱ्या दिवशी चालायचं होतं. पाचवा उजाडला तरी दादा पलंगावरच. व्यायाम करून घेणाऱ्या बाई वॉकर घेऊन यायच्या, दादा "दुखतंय" म्हणायचा, बाई वॉकर घेऊन जायच्या.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "सांधा उत्तम बसलाय. हे घाबरलेत. असेच पडून राहिले तर पायात रक्ताची गाठ होईल, ताकद जाईल. मग उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही."

वहिनी गेल्यापासून दादा एकटा राहतो. तो अंथरुणाला खिळला तर काय, या विचाराने मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते. मी दादाला फाडफाड बोलले. तो छताकडे बघत राहिला.

"मला पडायला येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"काय येत नाही?"

"पडायला. आयुष्यभर लाथ शिकलो. कसं पडायचं ते कधी मनावर घेतलं नाही, कारण कुणी पाडलंच नाही. आता पडलो तर सांधा निखळेल." त्याने दाराकडे पाहिलं. "जावईबापूंना सांगू नकोस."

मी पाच मिनिटांत सांगितलं. भाऊ असा पडलेला असताना गुपितं कसली सांभाळता? मला वाटलं, ह्यांना आनंदाच्या उकळ्या फुटतील. पण हे बाहेरच्या बाकावर मटकन बसले. "आमच्यात पहिले तीन महिने नुसतं पडायलाच शिकवतात," म्हणाले, पण आवाज सांत्वनाला आल्यासारखा.

"अहो, उद्या त्याच्या तायक्वांदोची चार शब्दांत स्तुती करा. तेवढ्याने तरी उभारी येईल."

"काय स्तुती करू?"

"बावीस वर्षांत एक तरी गुण दिसला असेल की नाही!"

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. "तायक्वांदोत शिस्त चांगली असते," म्हणाले.

"शाळेतही असते," दादा म्हणाला.

"लाथ मारताना तुम्ही ओरडता छान."

दादाने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"कमरेच्या पट्ट्यांचे रंग छान असतात."

"हिने पाठवलं का तुम्हाला?"

"हो."

"घरी जा."

मी कपाळाला हात लावला. हे दारापर्यंत गेले, परत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"लग्नाला सहा महिने झाले होते," हे म्हणाले. "गच्चीवर आपण दोघंच. मी म्हटलं, हा नाच आहे नाच, दाखवा काय येतं ते. आणि तुमची कॉलर धरायला पुढे झालो. तुमचा पाय आलेला मला दिसलाच नाही. दिसला तेव्हा माझ्या कानापासून बोटभर अंतरावर थांबलेला. तुम्ही एका पायावर उभे, जराही न हलता. मग पाय खाली घेतलात आणि म्हणालात, चला जेवायला. कुणाला बोलला नाहीत. मीही नाही. त्या दिवसापासून माझा तुमच्यावर राग आहे, दादा. लाथ कुणीही मारेल. अशी थांबवणं मला सात जन्मांत जमायचं नाही. आणि त्याच पायावर तुमचा विश्वास नाही? माझा आहे."

हे सगळं हे वॉकरकडे बघून बोलले. मला गच्चीचं अवाक्षर माहीत नव्हतं.

मग दादाने पांघरूण बाजूला केलं.

"वॉकर द्या."

"बाईंना बोलावू का?"

"वॉकर द्या म्हटलं ना!"

बाई आल्याच. दादा उभा राहिला. चेहरा पांढराफटक. नवा पाय पुढे टाकला, त्यावर भार दिला, मग दुसरा. हे हात पसरून उलटे चालत होते, स्पर्श न करता. चार पावलं, सहा, आठ. दाराशी येऊन दादाने चौकट धरली आणि धापा टाकल्या.

"जावईबापू," तो म्हणाला, "गच्चीवर मी पाय थांबवला नव्हता."

"म्हणजे?"

"नेम चुकला होता."

हे बघतच राहिले. मग "बावीस वर्षं!" म्हणत जे हसत सुटले ते भिंतीला टेकून खालीच बसले. बाई रागावल्या. दादाही हसत होता.

मी हसले नाही. लहानपणी दादा पायाच्या वाऱ्याने मेणबत्ती विझवायचा, मेणबत्तीला धक्काही न लावता. त्याचा नेम चुकलेला मी जन्मात पाहिलेला नाही. मी तोंड उघडलं तोच दादाने माझ्याकडे पाहिलं.

"तू गप्प बस," तो म्हणाला.

मी गप्प बसले. रडायला काही त्याची परवानगी लागत नव्हती.