पालकाची सही

आमच्या ग्रंथालयाला जिल्हा कार्यालयाकडून दर आठवड्याला एक पाकीट येतं, आणि त्यात पुस्तक कधीच नसतं. वाचनाचं महत्त्व सांगणारी पोस्टरं असतात. एकदा तर एकाच पोस्टरच्या चाळीस प्रती आल्या. आमच्याकडे मोकळी भिंत एकच, तीही ओल आलेली. मग एकदा विचारणा झाली, तुमच्या एसीची देखभाल कोण करतं? मी कळवलं, एसीच नाहीये. पुढच्या आठवड्यात स्मरणपत्र हजर: देखभालीची माहिती अद्याप मिळालेली नाही! माझं डोकंच फिरलं. गेल्या वर्षीच्या रमजानपासून मी ती पाकिटं उघडायचंच सोडलं. पाकीट आलं की टेबलाच्या खालच्या खणात. खण भरला की पायाने रेटायचा.

"बाई, एखाद्यात कामाचं काही असेल," लारूसीकाका म्हणायचे. लारूसीकाका म्हणजे आमचे शिपाई, झाडूवाले, बाइंडर, सगळं तेच.

"काका, त्यांच्याकडून कामाचं काही आलं ना, तर मी नाव बदलीन माझं."

नाव माझं नेझिहा. या बंदराच्या गावातलं सरकारी ग्रंथालय मी एकोणीस वर्षं चालवतेय. चालवतेय म्हणजे काय, ढकलतेय. शेवटची नवी पुस्तकं आली ती तीन वर्षांपूर्वी. कॉलेजची पोरं येतात ती वायफायसाठी, म्हातारे येतात ते सावलीसाठी. खरं वाचन म्हणाल तर शनिवारी दुपारी. तेव्हा माझी मुलं येतात. बारा-तेरा असतात. गोल करून बसायचं आणि एकेकाने मोठ्याने वाचायचं, एवढाच कार्यक्रम. त्यात मी फार कडक आहे. पूर्णविराम आला की थांबायचं, श्वास घ्यायचा. वाक्याचं शेपूट खायचं नाही. आणि समोर जे छापलंय तेच वाचायचं, मनाचं नाही.

त्या बारा-तेरांत एक दोरसाफ. दहा वर्षांची, काडीसारखी पोर. तिला वाचायचं वेडच आहे. पुस्तकं तर वाचतेच, पण टोमॅटोच्या डब्यावरचं वाचते, लारूसीकाकांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचते, भिंतीवरची फाटकी निवडणुकीची पत्रकं वाचते. आणि काय वाचते! ती वाचायला लागली की इतर पोरं खुसपुसायची थांबतात. वायफायवाले कानातलं काढून बघतात. मी एकोणीस वर्षांत असं पोर पाहिलं नाही.

पण ही दोरसाफ आमची सभासदच नव्हती.

कारण आमचा फॉर्म. फॉर्मवर शेवटची ओळ: पालकाची सही, आणि कंसात, वडील. दोरसाफचा बाप कीलानी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका बोटीत बसून चोरून समुद्रापलीकडे इटलीला निघाला. निघताना किनाऱ्यावरून बायकोला फोन केला, म्हणाला, पोहोचलो की करतो. त्यानंतर फोन नाही. त्या बोटीतल्या कोणाच्याच घरी फोन आला नाही.

मी काय करायची, दोरसाफला पुस्तकं माझ्या कार्डावर द्यायची. माझ्या कार्डावर परीकथा, ससे, समुद्री चाचे. कोणी तपासायला आलं असतं तर म्हणालं असतं, बाईंचं वय झालं. पण तपासायला येतंय कोण?

हे असंच चाललं असतं. पण जानेवारीत शेजारच्या गावच्या ग्रंथपालबाईने फोनवर सांगितलं, की जूनमध्ये राजधानीत वाचनस्पर्धा आहे. प्रत्येक ग्रंथालयातून एक मूल, मोठ्याने वाचायचं, पहिल्या दहांना पुस्तकांची पेटी आणि महिनाभराचं शिबिर. मी फोन ठेवायच्या आधीच नाव ठरवलं होतं. नाव वीस मेपर्यंत पाठवायचं, सोबत सभासद क्रमांक.

झालं! तिथे घोडं अडलं.

मार्चच्या मध्यावर मी जिल्हा कार्यालयाला फोन लावला. चार वेळा कोणी उचलला नाही, पाचव्यांदा एक बाई उचलून म्हणाली, "साहेब जागेवर नाहीत." आठवडाभराने साहेब जागेवर सापडले. मी म्हटलं, बाप नाहीये पोरीचा, सही कोणाची घ्यायची?

"नियम परिपत्रकात आहेत ना बाई. वाचा."

"मी तुम्हाला विचारतेय. तोंडाने सांगा ना!"

"सगळं लेखी कळवलेलं आहे. तुम्ही लोक वाचतच नाही."

मला सांगतोय, वाचत नाही! ग्रंथपालाला! मी फोन आपटला. लारूसीकाका खळ ढवळत होते, त्यांनी वर बघितलं आणि परत खाली बघितलं.

मग एप्रिलअखेरीस मी दोरसाफच्या आईला बोलावलं. सालहा तिचं नाव. कारखान्यात तारलीचे डबे भरते. पाळी सुटल्यावर तशीच आली, हात लिंबाने धुतले होते तरी वास होताच, म्हणून दारातच उभी राहिली.

"अगं ये ना आत. बस. हे बघ, इथे सही हवी."

तिने फॉर्म बघितला. "ही जागा त्यांच्या सहीची आहे, बाई. माझी नाही."

"हो, पण तूच कर. कीलानी असं लिही आणि एक रेघ ओढ. कोण बघतंय?"

"त्यांची सही मी करू?"

"मग काय समुद्रावर पाठवू फॉर्म?"

बोलून गेले. माझं तोंड असंच आहे. मग मी जरा सावरून घेतलं, म्हटलं, दुसरा मार्गही आहे. कोर्टात जा, नवरा बेपत्ता आहे म्हणून सांग, न्यायाधीश पालकत्व तुझ्या नावावर करून देईल. त्या बोटीतल्या माणसांच्या दोन-तीन बायकांनी तसं केलंय.

"त्यांनी केलं," सालहा म्हणाली. "मी नाही करणार. मी दर महिन्याला त्यांचा नंबर रिचार्ज करते, बाई. नंबर बंद पडला तर फोन कुठून करतील? आणि तुम्ही म्हणता सरकारदरबारी जाऊन सांग, माझा माणूस नाही म्हणून. आल्यावर काय सांगू त्यांना? पोरीच्या कार्डासाठी तुम्हाला खोडून टाकलं?"

"कार्डासाठी नाही गं! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तू ऐकलंयस तिला वाचताना? एकदा तरी? पोरगी राजधानीत जाईल, लोक ऐकतील, कुठल्या कुठे जाईल. आणि तू तिचा पाय धरून बसलीयेस, कोणासाठी, तर..."

"कोणासाठी?"

"तो येणार नाहीये, सालहा!"

बोलले. मोठ्याने बोलले, सगळ्या वाचनालयात ऐकू गेलं. दोरसाफ बालविभागात बसली होती. तिचं पान उलटायचं थांबलं होतं हे मला नंतर लारूसीकाकांनी सांगितलं.

सालहाने फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला, पोरीला हाक मारली आणि गेली. पुढचे तीन शनिवार दोरसाफ आली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी कोणाशी धड बोलले नाही. पोरांवर खेकसले. एक पाकीट आलं ते इतक्या जोरात खणात कोंबलं की खण अडकला. मला राग सालहाचा होता, कार्यालयाचा होता, त्या कीलानीचा तर होताच. इतका चांगला सुतार होता, त्याला काय गरज होती जायची? आमच्या बालविभागातली छोटी बाकं त्यानेच केलेली. वीस तारीख जवळ आली तसं मी मनातून स्पर्धेवर पाणी सोडलं. दुसरं नाव पाठवावं म्हटलं तर हात होईना.

अठरा मेला दुपारी सालहा आली. सोबत दोरसाफ. या वेळी ती आत आली, माझ्यासमोर खुर्चीवर बसली. चांगले कपडे घातले होते, रजा घेतली होती म्हणे. पिशवीतून फॉर्म काढला. पालकाच्या ओळीवर तिची स्वतःची सही होती, शाळेतल्यासारखी, अक्षर न् अक्षर लावलेली. आणि सोबत कोर्टाचा कागद.

मी वाचला. कीलानी अमुक तमुक, वास्तव्य अज्ञात, पत्नीच्या जबानीनुसार बेपत्ता. पत्नीच्या जबानीनुसार.

"दोन खेटे पोलिसात घातले, तीन कोर्टात," ती म्हणाली. "न्यायाधीश चांगला होता. त्याने मलाच विचारलं, बेपत्ता लिहू ना? मी म्हटलं, लिहा."

बरं केलंस असं म्हणणार होते, ते राहिलं. मी म्हटलं, "थांब, आत्ताच नोंद करते. आजच नाव पाठवते." काम हाताशी असलं की बरं असतं. शिक्का घेतला, पॅडवर दाबला, तर पॅड कोरडं ठणठणीत.

"काका, शाई?"

"संपली की. कार्यालयाने नवीन पॅडं पाठवलीयत म्हणे, मागे तुम्ही नव्हतात तेव्हा फोन आला होता. खणात असतील."

काकांनी खण हिसकून उघडला. पाकिटांचा ढीग टेबलावर आला. एक जाडसर होतं, काकांनी ते फाडलं, आणि खरंच, आत दोन नवी पॅडं. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणि एक पत्रकही होतं. ते काकांनी बाजूला ठेवलं. मी पॅड घेतलं, शाई चांगली ओली होती. कोर्टाच्या कागदावर शिक्का मारला. मी शिक्का जोरात मारते, सवयच आहे. 'मूळ प्रत दाखल', खाली आवक क्रमांक, खाली तारीख.

आणि दोरसाफने वाचायला सुरुवात केली.

ते पत्रक तिच्या समोर पडलं होतं. समोर पडलेलं तिने कधी सोडलंय? स्वच्छ आवाजात, मी शिकवलं तसं, थांबत, श्वास घेत.

"सर्व सार्वजनिक ग्रंथालयांसाठी. बालसभासदांच्या अर्जावर यापुढे आई किंवा वडील, यांपैकी कोणा एकाची सही पुरेशी मानावी. कोणताही अन्य दाखला मागू नये. जुने अर्ज रद्द समजावेत."

तिने वाक्याचं शेपूट खाल्लं नाही. वाचून झाल्यावर तिने वर बघितलं, छान वाचलं की मी मान हलवते म्हणून.

मी मान हलवली नाही.

"तारीख काय आहे गं त्याच्यावर?" सालहाने विचारलं.

"चार मार्च."

"मार्च," सालहा म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, मग त्या पाकिटांकडे बघायला लागली. न फोडलेली पन्नास-साठ तरी असतील. लारूसीकाका उगाचच रद्दी गोळा करायला लागले. एकोणीस वर्षं मी कोणावर तरी चिडत आले होते. आणि या वेळी चिडायला समोर कोणी नव्हतं.

"सालहा," मी म्हटलं, "मी ही पाकिटं उघडली नाहीत. माझी चूक आहे. त्यांची नाही, तुझी नाही. माझी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या जागी असते तर हे टेबल उलटं केलं असतं. तिने नुसता हात पुढे केला.

"मग हा कागद तुम्हाला लागत नाही ना, बाई?"

"नाही."

"द्या मग परत."

मी कागद दिला. तिने तो उजेडात धरला. शिक्का बरोबर कीलानीच्या नावावर बसला होता, आणि शाई अजून ओली होती. सालहाने ओढणीचं टोक ओलं केलं आणि त्याच्यावरून फिरवलं, एकदा, दोनदा. शाई पसरली.

"आई, नको पुसू," दोरसाफ म्हणाली. "बाबांचं नाव जाईल."