खालची नदी

आमच्या धाकट्या लेकीचं, ज्योत्स्नाचं, लग्न झालं तो दोन हजार एकोणीसचा वैशाख. पाहुणे गेले होते, मांडवाचे बांबू अजून अंगणात पडले होते, आणि मी उरलेल्या बुंदीच्या डब्याखालचा पेपर वाचत बसलो होतो. मी वाचायला साठीनंतर शिकलो. माझी भरवेलीच्या खाणीतली नोकरी संपली तेव्हा नात, नूतन, सहावीत होती. तिनं तिची पहिलीची पुस्तकं काढली आणि मला रोज दुपारी समोर बसवलं. तेव्हापासून अक्षर दिसलं की वाचायचं, अशी खोड लागली. साबणाचा कागदही सुटत नाही.

पेपर हिंदी होता, आमच्या बालाघाटकडे तोच येतो. बारावीनंतर कशात सर्वांत जास्त कमाई आहे, त्याची यादी होती. पहिले तीन धंदे तुपात विरघळून गेले होते, ते कोणते हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्यापासून वाचता येत होतं. विमान चालवणारे. हृदयाचे डॉक्टर. मोठ्या कंपन्यांचे वकील. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचत होतो आणि माझी बायको गोदाबाई तांदूळ निवडत ऐकत होती. प्रत्येक धंद्यापाशी तिचा हात सुपात थांबायचा. दुकानात लुगडं खांद्यावर टाकून बघावं, तशी ती तो धंदा अंगाला लावून बघत होती. विमानाला म्हणाली, "इतक्या उच्चीवरून आपलं घर दिसन का?" वकील तिला नको होता.

सातव्या नंबरावर माझं बोट थांबलं. हा शब्द मी अक्षरं शिकायच्या आधीपासून ओळखत होतो. अडतीस वर्षं ज्या फाटकातून आत गेलो, त्याच्या पाटीवर तो होता. खान. पुढचा शब्द जोडाक्षरांचा होता, तो नुकतीच बारावी झालेल्या नूतननं पेपर हातात घेऊन वाचला. खान प्रबंधक. खाणीचा मॅनेजर.

"आपली खान?" गोदाबाईनं विचारलं.

"अशीच कोणची तरी."

"अन् ते विमानाच्या पंगतीत बसली?"

ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला. तिनंही खाणीवर तीस वर्षं काम केलं होतं, पण वर, उन्हात. आम्ही खालून पाठवलेला मँगनीज फोडायचा, चांगला एकीकडे, हलका दुसरीकडे. तिचं काम तळहातावर चालायचं. दगड उचलायचा, क्षणभर डोळे मिटायचे, आणि टाकायचा. ती चुकली असं कधी कोणी म्हटलं नाही. त्या धुळीचा खोकला तिला तेव्हापासूनचा.

नूतन पेपर घेऊन उभीच होती. "आजी, मी हे करीन," ती म्हणाली.

तिचा बाप तेजराम, आमचा मुलगा, बालाघाट ते भरवेली ऑटो चालवतो. त्यानं पोरीला बी.एड.चं ठरवून ठेवलं होतं. तो म्हणाला, खाणीत बाईमाणसाला खाली उतरू देत नाहीत, कायदाच आहे, आजीला विचार. नूतननं मोबाईल पुढे धरला. त्याच वर्षी कायदा बदलला होता. शिकलेल्या, हुद्द्यावरच्या बायांना आता दिवसा खाली उतरता येणार होतं. तेजराम वाचत राहिला. गोदाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"जाऊ दे तिले," ती म्हणाली. "आपल्या घरातून एखादी बाई तं पाहून येईन ते नदी."

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागलो. ती नदी माझी होती.

त्याचं असं झालं. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते, आणि मी पहिल्यांदा खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेलो. भात कापायची सवय होती, अंधाराची नव्हती. खाली गेल्यावर मुकादमानं सगळ्यांना टोपीवरच्या बत्त्या विझवायला लावल्या. नव्या माणसाला अंधार काय असतो ते एकदा दाखवायची रीत होती. मी माझा हात डोळ्यांसमोर धरला आणि हात नव्हता. मी रडलो. कोणी पाहिलं नाही, कारण कोणालाच काही दिसत नव्हतं.

आमच्या चाळीत दुसरी एक रीत होती. माणूस खालून वर आला की बाईनं उंबऱ्यावर पाण्याचा लोटा द्यायचा आणि तो पिऊन होईपर्यंत त्यानं बोलायचं नाही. खालचं काही तोंडात असेल ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. मी लोटा संपवला. गोदाबाई समोर उभी. अठरा वर्षांची. तिनं विचारलं, खाली काय हाय?

मी म्हणालो, नदी हाय.

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. म्हणालो, आपल्या वैनगंगेची बहीण हाय, ते खालून वाहते. पाण्याचा आवाज नाही. दोन्ही काठांनी बत्त्या लागल्या राहतात. तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मग मी थोडं थोडं रोज आणायला लागलो. भिंतीतला दगड चांदण्यांसारखा चमकतो. वरच्या जंगलातल्या मोहाची मुळं तिथपर्यंत पोचली आहेत, जटांसारखी लोंबतात, आणि चैत्रात त्यांच्या टोकांना गोड थेंब धरतात. आम्ही जेवायला तिथंच बसतो. उन्हाळा नाही, हिवाळा नाही. सुखराम नावाचा माझा सोबती होता, तो त्या नदीत पाय सोडून बसतो, असंही मी सांगितलं. सुखरामचा पाय पुढे छताचा दगड पडून गेला. त्या दिवशी लोटा संपवून मी म्हणालो, आज पाणी चढलं होतं. तिनं चूल पेटवली. सुखरामच्या घरी भाकरी घेऊन गेली.

अडतीस वर्षं ती विचारत राहिली, आज पाणी केवढं होतं, आणि मी सांगत राहिलो. घोट्याएवढं. गुडघ्याएवढं. आमची मुलं त्या नदीच्या गोष्टी ऐकत झोपली, मग नूतन झोपली. नोकरी संपल्यावर मला वाटलं, नदी आटली.

नूतनला छत्तीसगडातल्या एका कॉलेजात खाणकाम शिकायला जागा मिळाली. वर्गात चार पोरी होत्या. सुट्टीत आली की ती जाडजूड पुस्तकं उघडायची आणि मी बाजूला बसून जमिनीच्या पोटाची चित्रं बघायचो. थर, भेगा, खांब सोडून पोखरलेल्या खोल्या. चित्रात सगळं होतं. एकदा मी तिला विचारलं, तुमचे सर तुम्हाला काय शिकवतात. ती म्हणाली, "दादाजी, जे दिसलं तेच लिहायचं. अंदाज से कुछ नहीं. खाणीत खोटं लिहिलं तं माणूस मरते."

मी मान हलवली.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिला ट्रेनिंगसाठी भरवेलीच मिळाली. ज्या पिंजऱ्यातून मी जायचो, त्यातूनच ती जाणार होती. घरात सण असल्यासारखं झालं. तेजरामनं ऑटो धुतला. गोदाबाईची तब्येत तोवर उतरली होती. दहा पावलं चालली की ती भिंत धरायची. डॉक्टर छातीचे फोटो काढून काढून थकले होते. दुपारी खाटेवर पडून ती छताकडे बघायची, आणि मला ठाऊक होतं ती कुठं असायची. तिच्याजवळ दुसरं होतं काय? मनात आलं, उद्या ही पोरगी चिखल बघून येईल, पंपाचा आवाज ऐकून येईल, आणि जे दिसलं तेच सांगेल. मग माझ्या बायकोचं आयुष्य एका दमात त्या पहिल्या लोट्यापर्यंत मागं जाईल, आणि त्या प्रत्येक दिवशी मी खोटं बोललेलो असेन.

सकाळी नूतन बूट चढवत होती तेव्हा मी तिच्याजवळ गेलो. बोलायचं होतं. तिच्या बुटाची नाडी तेवढी बांधून दिली. फाटकाशी आमच्या वेळचं देवीचं ठाणं अजून आहे, तिथं नारळ ठेव, एवढंच सांगितलं.

दिवसभर मी उंबऱ्यात बसून होतो. चारला ऑटोचा आवाज आला. गोदाबाई उठली. तिला कोणी उठवलं नाही, ती आपली आपण उठली, भिंत धरत स्वयंपाकघरात गेली आणि लोटा भरून आणला. वाटेत थोडं पाणी सांडलं. नूतन उंबऱ्याबाहेर थांबली. चेहरा काळा, डोळ्यांभोवती तेवढं गोरं. पहिल्या दिवशी माझा चेहरा कसा असेल, ते मला तेव्हा कळलं. तिचेही डोळे धुतल्यासारखे होते. अजूनही बत्त्या विझवतात वाटतं.

तिनं लोटा तोंडाला लावला. इतकं हळू पाणी पिताना मी कोणाला पाहिलं नाही.

"दिसली का?" गोदाबाईनं विचारलं.

नूतननं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं.

"दिसली, आजी."

"पाणी केवढं होतं?"

"कमी होतं. पंप लावून उपसून राह्यले लोक. मोठा पाइप हाय, रातदिन चालू. पर आवाज पंपाचा हाय, पाण्याचा नाही. पाणी एकदम चूप हाय. काळं. बत्ती धरली तं आपलाच चेहरा दिसते."

"अन् काठानं बत्त्या?"

"हौ. लाइन से."

"अन् मुळं?"

नूतननं लोटा हातात फिरवला. "मुळं नाही दिसली मले. मी लई खाली गेलती. मुळं वरच्या लेव्हललेच राहत असन."

"हौ, वरच राहतीन," गोदाबाई म्हणाली, आणि तिच्या हातातून लोटा घेतला.

सगळं खरं होतं. पंप होता, पाणी होतं, बत्त्या होत्या. तिनं एक शब्द खोटा सांगितला नाही, आणि नदी जिथल्या तिथं राहिली. मी घराच्या मागं जाऊन लिंबाखाली उभा राहिलो. जरा वेळानं नूतन तोंड धुवायला तिकडेच आली. तिनं माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला, त्याचा काळा डाग सदऱ्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदाबाईच्या खाटेशी बसून पेपर वाचून दाखवत होतो. ती ऐकत नव्हती.

"पोरगी तुमच्यासारखीच निघाली," ती म्हणाली. "तुमच्याहून हुशार. तुम्ही तं मोहाची मुळं सांगत होते."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. किती दिवसांपासून माहीत आहे, असं मी विचारलं.

"पह्यल्याच दिवसापासून. लोटा तोंडाले लावला तं तुमचे दात वाजत होते. नदीकाठून आलेल्या माणसाचे वाजतेत का?"

"मंग रोज काहून विचारत होती?"

तिचा उजवा हात पोटावर होता, बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती, दगड तोलल्यासारखी.

"तुम्ही खरं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तं दुसऱ्या दिवशी डबा कसा बांधला असता मी?"

नूतन पास झाली आणि राजस्थानातल्या एका मोठ्या खाणीत लागली. पगार असा की तेजराम मोबाईल घेऊन माझ्या शेवटच्या पगाराशी तोलायला बसला. गोदाबाईनं त्याला मोबाईल पालथा ठेवायला लावला. म्हणाली, तोलायचं काम माझं. पण चाळीतल्या बायांना ती यादीची गोष्ट सांगायची. सातवा नंबर, विमानाच्या पंगतीत. एक बाई म्हणाली, आपण सगळ्या त्याच खाणीवर होतो, मग आपल्याला यादीत कसं कोणी बसवलं नाही? गोदाबाई म्हणाली, "पह्यले तीन नंबर तुपात गेले ना बाई, तिथं असू आपण."

मागच्या दिवाळीत नूतन आली ती तिथला एक दगड घेऊन आली. मुठीत मावेल एवढा, करडा, मध्ये मध्ये चमकणारा. गोदाबाई तेव्हा फार बोलत नसे. तिनं तो तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. बाहेर पोरं फटाके वाजवत होती.

"जड हाय," ती म्हणाली. "चांगला हाय. आपल्याकडचा नाही." मग डोळे न उघडता विचारलं, "तिथं हाय का नदी?"

"हाय, आजी. पर दुसरी हाय."

"जंगल?"

"नाही. वर रेती हाय. झाडं कमी."

"मंग मुळं नसतीन," ती म्हणाली, आणि दगड उशाशी ठेवायला सांगितला.

हे मी माझ्या हातानं लिहिलं आहे. जोडाक्षरं नूतननं फोनवर सांगितली. तिनं विचारलं, दादाजी, सगळं खरं लिहिलं ना. मी म्हणालो, जे दिसलं तेच.

गोदाबाई मंगळवारी, ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, सकाळी साडेनऊला घरीच वारली. नूतन तेव्हा खाली होती. फोन वरच्या ऑफिसात लागला. मी त्यांना म्हणालो, ती वर आली की आधी पाणी द्या, मग सांगा.