पीटरचा डावा हात

"आमच्या पीटरला एकच हात?" बियाजो चित्राला नाक लावून म्हणाला. "जाळं काय दातांनी ओढायचा?"

बियाजो नेपल्सच्या कोळ्यांच्या मंडळाचा म्हातारा प्रमुख. त्यांच्या देवळासाठीचं, मूळच्या कोळी असलेल्या संत पीटरचं, तो तुरुंगात असतानाचं हे चित्र ओर्सोलाच्या वडिलांनी केलं आणि तीन आठवड्यांपूर्वी ते गेले.

"हात आहे, काका. सावलीत आहे."

"इथं नुसता तपकिरी रंग दिसतोय, पोरी. मास्तरांचं राहून गेलं, त्यात लाज कसली? पलीकडच्या गल्लीतला चित्रकार दोन दिवसांत काढून देईल."

दुसऱ्याचा ब्रश एकदा लागला की हे चित्र बाबांचं राहणार नाही, हे ओर्सोलाला ठाऊक होतं. बाबा सावली रंगवत नसत. उजेडाला जाड पांढरा चढवत. अंधाराच्या जागी कापडावर आधी दिलेला तपकिरी अस्तराचा रंग तसाच सोडत, वर दोन-चार पातळ रेषा, बस्स.

"उद्या सकाळी देवळात टांगू या," ती म्हणाली. "तुम्ही रोज गुडघे टेकता तिथं टेका. हात दिसला नाही, तर त्या चित्रकाराला बोलवा. मी आड येणार नाही."

"बापासारखीच हट्टी."

"त्यांच्यापेक्षा जरा जास्तच."

सकाळी चित्र वेदीवर चढलं. देवळाला एकच खिडकी, डावीकडे उंचावर. चित्रातला उजेडही तिथूनच येत होता. बियाजो कुरकुरत गुडघ्यांवर बसला. मान वर करून सावलीच्या जागी पाहत राहिला. मग आपलाच डावा हात पुढे धरून त्यानं बोटं आवळली.

"ओलं जाळं ओढताना माझा असाच होतो," तो हळूच म्हणाला. "मास्तर धक्क्यावर येऊन बसायचे, ते हेच बघायला होय?"

"हेच."

"मग झालं म्हणायचं चित्र?"

"एक ठिपका राहिलाय. डोळ्यातला."

शेवटचा उजेड तिनं ठेवायचा, हा सात वर्षांची असल्यापासूनचा रिवाज. बाबा मागे उभे राहत, डोळे बारीक करून पाहत आणि "हं" म्हणत. मगच ब्रश टेकायचा.

ओर्सोला शिडीवर चढली. ब्रशच्या टोकाला पांढरा घेतला, हात पीटरच्या डोळ्यापाशी नेऊन स्थिर केला आणि सवयीनं थांबली. खाली बियाजोनं टोपी काढली.

तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मग ठिपका ठेवला.